उकळू नये असा दगड

सदर इसमाचे वर्णन येणेप्रमाणे. वय त्रेचाळीस वर्षे, बांधा मध्यम, केस कानांच्या आसपास शिल्लक. व्यवसाय : खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेट्यांची उभारणी, देखभाल व तदनुषंगिक कामे. ओळखचिन्ह : उजव्या अंगठ्याच्या मुळाशी खेकड्याच्या नांगीचा व्रण. कुटुंब : पत्नी एक, कन्या एक, आणि गेल्या आठ महिन्यांपासून सासू एक. इसमाविरुद्ध कोठेही तक्रार नोंदलेली नाही. समुद्री जीवांच्या संगोपनाचा वीस वर्षांचा अनुभव. इसमाला पोहता येत नाही.

पोहता येत नाही, कारण त्याला पाण्याची भीती वाटते. काचेच्या आतलं पाणी चालतं; बाहेरच्या पाण्याचा भरवसा नाही. वीज, कुत्रे, उद्वाहन, दुसऱ्याने चालवलेली गाडी आणि पूर्ण न शिजलेलं काहीही, यांचाही त्याला भरवसा वाटत नसे. इमारतीतले लोक त्याला धसकोबा म्हणत. हे त्याला ठाऊक होतं. हरकत घेतली तर प्रकरण वाढेल या भीतीने त्याने कधी हरकत घेतली नाही.

घरात त्याने स्वतःच्या अक्षरात चौदा चिठ्ठ्या लावल्या होत्या. गीझरवर ‘आधी बटण बंद करावे’, बाल्कनीच्या कठड्यावर ‘टेकू नये’, मिक्सरवर ‘हात घालू नये’. जिथे चौदा ठिकाणी धोका असतो तिथे घरातली माणसं एकही चिठ्ठी वाचत नाहीत, हे मात्र त्याच्या कधी लक्षात आलं नाही.

या सगळ्या भीतींमध्ये एकच खरी होती, आणि ती त्याच्या धंद्यातून आलेली होती.

खाऱ्या पाण्याच्या पेटीत जो भोकाभोकांचा खडबडीत दगड ठेवतात त्याला या धंद्यात जिवंत दगड म्हणतात. दगड जिवंत नसतो, त्यातले भाडेकरू जिवंत असतात. बहुतेक भाडेकरू सज्जन. ते पाण्यातली घाण खातात आणि आपल्या जागी गप्प राहतात. पण दगडाबरोबर काही टगेही येतात. केसाळ किडे येतात, माशांची शेपटी कुरतडणारे खेकडे येतात, काचेसारखी पारदर्शक दिसणारी आणि शेजाऱ्यांना डंख मारत पसरणारी फुलं येतात. धसकोबाकडे प्रत्येकासाठी उपाय होता. खेकड्यासाठी दगड जास्त खारट पाण्यात बुडवायचा, की खेकडा आपणहून बाहेर येतो. काचफुलाच्या तोंडात सुईने लिंबाचा रस सोडायचा. किड्यांसाठी चिमटा आणि चिकाटी.

आणि तपकिरी बटणं आली, की घाबरायचं.

शर्टाच्या गुंडीएवढे, कडेला झालर असलेले हे जीव दगडावर गालिच्यासारखे पसरतात. दिसायला गोजिरवाणे. त्यांतल्या काहींच्या अंगात असं विष असतं की त्यावर उतारा नाही. आणि ती कुठली, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. नऊ वर्षांपूर्वी धसकोबाने असा एक दगड पाण्याबाहेर काढून चाकूने खरवडला होता. संध्याकाळी त्याचे ओठ बधिर झाले आणि सकाळपर्यंत त्याचं हृदय भलत्याच ठिकाणी ठोके देत राहिलं. नंतर त्याने मिळेल ते सगळं वाचून काढलं. खरवडणं वाईट. कोरडा ब्रश त्याहून वाईट. उकळणं सगळ्यांत वाईट, कारण वाफेबरोबर ते विष हवेत उठतं आणि एका पातेल्यात घरची सगळी माणसं आडवी होऊ शकतात. त्या दिवसापासून त्याची पद्धत ठरली. कोपरापर्यंत हातमोजे, डोळ्यांना चष्मा, तोंडाला गाळणीचा मास्क. दगड पाण्यातल्या पाण्यातच टबमध्ये घ्यायचा, झाकायचा आणि काही आठवडे अंधारात ठेवायचा. मग उघड्यावर, पाण्यात कालवलेल्या ब्लीचमध्ये. घाई नाही, ब्रश नाही, आच तर नाहीच.

त्याच्या गिऱ्हाइकांमध्ये एक दंतवैद्य होते. त्यांच्या प्रतीक्षालयात पाच फुटी पेटी होती. दाढ काढायला आलेल्या माणसाला मासे बघून बरं वाटावं अशी योजना होती. त्या पेटीतला मुख्य दगड बटणांनी पुरता गिळला.

“एवढं काय त्यात,” दंतवैद्य म्हणाले, “उकळून काढा. आम्ही नाही का अवजारं उकळत?”

धसकोबाने त्यांना चाळीस मिनिटं समजावलं. मग स्वागतकक्षातल्या मुलीला समजावलं. मग गाल सुजलेल्या एका पेशंटलाही समजावलं, ज्याला तोंड उघडता येत नसल्याने मधेच तोडता आलं नाही. दगड नियमाप्रमाणे टबमध्ये घेतला, गाडीत ठेवला आणि घरी आणला. दुकान नव्हतं, गोदाम नव्हतं. अंधारात ठेवायचं ते बाल्कनीतच.

घरी सासूबाई होत्या.

सासूबाईंनी एका मोठ्या इस्पितळाच्या निर्जंतुकीकरण खोलीत एकतीस वर्षं काढली होती. शस्त्रक्रियेची अवजारं धुणं, तपासणं, वाफेच्या यंत्रात घालणं आणि शिक्का मारून परत पाठवणं, हे त्यांचं काम. निवृत्त होताना त्यांना एक घड्याळ मिळालं आणि सगळ्या जगाला उकळायची सवय त्या सोबत घेऊन आल्या. लेकीच्या घरात त्यांनी चमचे उकळले, दात घासायचे ब्रश उकळले, नातीची बाहुली उकळली, तेव्हा तिचा एक डोळा कायमचा आत गेला. घाण या शब्दावर त्यांच्याकडे एकच उत्तर होतं आणि ते शंभर अंशांवर सुरू व्हायचं.

मागे एकदा बादलीतला केसाळ किडा त्यांच्या दृष्टीस पडला होता. तेव्हा त्यांनी जावयाला समोर बसवून शांतपणे सांगितलं होतं, “या घरात एक तर हे किडे राहतील, नाहीतर मी. लेकीला विचारून काय ते ठरवा.” धसकोबाने विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली.

म्हणून त्या संध्याकाळी सासूबाईंनी टबाकडे हनुवटी करून विचारलं, “जावईबापू, यात काय?” तेव्हा ज्या माणसाने सुजलेल्या गालालाही सोडलं नव्हतं, तो म्हणाला,

“दगड आहे, आई. जरा घाण आहे, इतकंच.”

झाकणावर त्याने चिठ्ठी लावली. ‘विषारी’ लिहायला पेन उचललं, स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि ‘दगड’ एवढंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तो दंतवैद्यांच्या पेटीत नवं पाणी सोडत होता. बायको ग्रंथालयात कामावर गेली होती. सहा वर्षांची लेक, जिला सगळे भिंगरी म्हणत, सर्दीमुळे शाळेला न जाता आजीपाशी होती. खिशातला फोन वाजला.

“जावईबापू, तुमचं ते आठवड्यांचं काम मी अर्ध्या तासात उरकते आहे,” सासूबाई म्हणाल्या. आवाजात समाधान होतं. “फोन एवढ्यासाठीच केला, की उकळताना यात मीठ घालायचं असतं का?”

“कशात?” त्याने विचारलं. कशात ते त्याला कळलं होतं.

“तुमच्या दगडात. सकाळी त्या टबातून एक किडा निघाला, पोरीच्या चपलेवर जाऊन बसला. म्हटलं, आता बास. ब्रशने घासून मोठ्या काचेच्या पातेल्यात चढवलाय. ती बटणं काही सुटत नाहीत हो, चिवट आहेत.”

“आई, गॅस बंद करा आणि बाहेर या.”

“आत्ता? आत्ता कुठे आधण येतंय.”

“भिंगरी कुठे आहे?”

“इथेच. ओट्याजवळ येऊ देत नाही मी, दारात स्टुलावर बसवलीय. तिथून बटणं मोजतेय. खिडक्या लावून घेतल्यात, काळजी करू नका. सर्दी आहे ना तिला.”

बंद खिडक्या, पातेलं, दारात बसून मोजणारी पोर. हे सगळं धसकोबाला इतकं स्पष्ट दिसलं की समोरची पेटी दिसेनाशी झाली.

“आई, ऐका. त्यातून वाफ निघते ती—”

“वाफ निघणारच. मागे टोस्टरचा धूर झाला तेव्हा तुम्ही अख्खी इमारत खाली उतरवली होतीत. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाई अजून मला विचारतात.”

“हे बघा, त्या जीवांच्या पेशींमध्ये एक प्रकारचं—” असं तो म्हणाला, आणि आपण चाळीस मिनिटांचं व्याख्यान सुरू करतो आहोत हे त्याला ऐकू आलं. वेळ मिनिटांचाही नव्हता. आयुष्यभर त्याने भीती इतक्या लोकांना इतक्या वेळा वाटून टाकली होती, की आता खरी द्यायची वेळ आली तर कोणी घ्यायला तयार नव्हतं.

“आई,” तो म्हणाला, “मी तुमच्याशी खोटं बोललो. ती घाण नाही, विष आहे. तुम्ही ठेवू देणार नाही म्हणून सांगितलं नाही. इस्पितळातल्या तुमच्या खोलीत तो वायू सुटला की तुम्ही काय करायचात, तेच आत्ता करा.”

इस्पितळातल्या त्या खोलीत वायूने निर्जंतुक करायचंही एक यंत्र होतं, आणि एकतीस वर्षांत ते दोनदा गळलं होतं. ही गोष्ट सासूबाई जेवताना पुष्कळदा सांगत. त्यांच्या गोष्टींपैकी एवढी एकच धसकोबा लक्षपूर्वक ऐकत आला होता, कारण ती भीतीदायक होती.

“पातेल्यावर झाकण आहे,” सासूबाई म्हणाल्या. आवाज बदललेला होता. तो लेकीच्या घरी राहणाऱ्या आईचा नव्हता, पाळी सांभाळणाऱ्या बाईचा होता.

“उघडू नका.”

“आत्ताच उघडून पाहिलं.”

मग काहीतरी ठेवल्याचा आवाज. “भिंगे, ऊठ. चप्पल राहू दे. रुमाल नाकावर धर. नाही, बाहुली नाही. काहीच नाही घ्यायचं.” पावलं. दार. आणि त्यानंतर फोन बंद झाला नाही. घेण्यासारखं काहीच घ्यायचं नव्हतं, म्हणून तो ओट्यावरच राहिला होता. धसकोबाच्या कानात आता फक्त पातेलं होतं. झाकण हलकेच थरथरत होतं. गॅस बंद केला की नाही, हे त्या आवाजावरून कळेना. तो ऐकत राहिला. थरथर कमी होते आहे असं वाटे, मग तसं वाटत नसे.

दंतवैद्य हातात आरसा घेऊन दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“मला एवढं चाळीस मिनिटं सांगितलंत,” ते म्हणाले, “आणि घरी नाही सांगितलंत?”

धसकोबाला फोन कापायचा धीर होत नव्हता, म्हणून त्याने दंतवैद्यांच्या फोनवरून रुग्णवाहिका मागवली.

“पेशंटने काय खाल्लं?” पलीकडून विचारलं.

“खाल्लं नाही. दगड होता.”

“दगड गिळलाय का?”

“उकळलाय.”

पलीकडच्या माणसाने पत्ता पुन्हा विचारला. बहुधा कुठल्या प्रकारची गाडी पाठवायची याचा विचार करायला त्याला वेळ हवा होता.

धसकोबा आपल्या गाडीत बसला. मागच्या पिंपांतलं खारं पाणी प्रत्येक वळणावर डचमळत होतं. त्याने वेगमर्यादा ओलांडायचं ठरवलं, पण पाय ऐकेना. सिग्नलला तो थांबला. वळताना त्याने दिवा दिला. मागे लागलेल्या भीतीला पुढच्या भीतीने जागोजाग अडवून धरलं होतं, आणि शेजारच्या सीटवरचा फोन गप्प झाला होता. पातेलं शांत झालं, की बॅटरी संपली, हे पाहायला त्याने मान वळवली नाही. पोर स्टुलावरून उठली होती ना? दाराचा आवाज एकदाच आला होता. दोघींसाठी एकदा पुरतो. एकीसाठीही एकदाच लागतो.

इमारतीच्या फाटकाशी त्याला भिंगरी दिसली. पहारेकऱ्याच्या मोठ्या शर्टात, ओल्या केसांची, अनवाणी. ती उभी होती हे आधी दिसलं; बाकी सगळं नंतर. तिच्यापासून दहा पावलांवर, भिंतीला पाठ लावून, सासूबाई.

“माझ्याजवळ येऊ नका,” त्या म्हणाल्या. “घासताना कपड्यांवर शिंतोडे उडालेत. पोरीला बागेच्या नळावर साबणाने धुतलं, कपडे पिशवीत बांधले. ती खोकली दोनदा, बाकी ठीक. गॅस बंद केलाय. दार ओढून घेतलंय. वरच्या-खालच्यांना खिडक्या लावायला सांगितलं. घासताना मी हातमोजे घातले होते, चष्मा नव्हता.” मग जरा थांबून, त्याच सुरात : “माझी जीभ धातू चाटल्यासारखी झालीय. आणि ओठ कुठे संपतात ते कळत नाही.”

पाळी बदलताना पुढच्या माणसाला द्यावी तशी त्यांनी माहिती दिली. धसकोबाने मान हलवली. त्याला नऊ वर्षांपूर्वीची संध्याकाळ आठवली, आणि त्या वेळी आपण फक्त चाकूने खरवडलं होतं हेही.

“आजी, त्रेसष्ट झाली होती,” भिंगरी म्हणाली. “मग तू उठवलंस.”

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने ‘दगडाची वाफ’ असं लिहिलं, खोडलं आणि वर पाहिलं. धसकोबाने खिशातून घडी घातलेले तीन कागद काढले. नऊ वर्षांपूर्वी स्वतःसाठी लिहून ठेवलेले, कडा झिजलेले. विषाचं नाव, लक्षणं, काय तपासावं, काय उपलब्ध नाही. डॉक्टर वाचत गेला तसा त्याचा चेहरा बदलत गेला. त्याने विषबाधा केंद्राला फोन लावला, आणि तिथल्यांनी जवळजवळ तेच कागद वाचून दाखवले.

दुपारी दोनपर्यंत सासूबाईंना हुडहुडी भरून ताप आला. नंतर धाप लागली. छातीला तारा, नाकाला प्राणवायू, आणि दर तासाला रक्त. उतारा नव्हता, वाट पाहणं हाच उपचार होता. भिंगरीला पलीकडच्या वॉर्डात नजरेखाली ठेवलं होतं. तिला खोकल्याशिवाय काही नव्हतं आणि जेलीची दुसरी वाटी हवी होती.

बायको ग्रंथालयातून धावत आली. सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली नाही.

“मला तरी सांगायचं होतंस,” ती म्हणाली.

“तू आईंना सांगितलं असतंस.”

“हो.”

मग ती आईपाशी जाऊन बसली आणि त्याच्याकडे तिने दुसऱ्या दिवसापर्यंत पाहिलं नाही. यंत्राच्या पडद्यावरची हिरवी रेघ मधेच एखादा ठोका चुकवी. तो चुकला की धसकोबाचाही चुकायचा. नर्सने दोनदा त्यालाच खुर्ची दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर साफ करायला कोणीतरी जायला हवं होतं. अग्निशमन दलाने दार बंद ठेवा असं कळवलं होतं, आणि त्यांचा संबंध तिथे संपला होता. जगात हे काम ज्याला येत होतं असा आसपास एकच माणूस होता, आणि त्याला ते सोडून दुसरं काहीही चाललं असतं.

त्याने दुहेरी हातमोजे चढवले. चष्मा, गाळणीचा मास्क, गळ्यापर्यंत बंद केलेला रेनकोट. दार उघडून श्वास रोखत सगळ्या खिडक्या उघडल्या आणि तासभर जिन्यात जाऊन बसला. मग पुन्हा आत. पातेलं थंड होतं. झाकण त्याने सरळ उचललं नाही. कडेने फट करून, पाण्यात कालवलेलं ब्लीच काठावरून हळूहळू सोडलं, म्हणजे शिंतोडे उडू नयेत. एक तास. ओटा, फरशी, स्टूल, दाराची कडी, ब्लीचमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसलं. झाडू लावला नाही. कोरडं काहीच हलवलं नाही. ब्रश, फडकी, पातेलं, दोन पिशव्यांत, तोंडं बांधून. चुकू नये म्हणून प्रत्येक कृती तो मोठ्याने बोलत होता : आता झाकण, आता फडकं, आता दुसरी पिशवी. मास्कच्या आत त्याचा आवाज दुसऱ्याच माणसाचा वाटत होता, आणि तो माणूस त्याच्यापेक्षा जरा शांत होता. घामाचा एक ओघळ ओठांवर आला. ओठ बधिर होताहेत का ते पाहायला त्याने ते चावले. दुखले. त्याला इतकं बरं वाटलं की त्याने ते पुन्हा चावले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंचा प्राणवायू काढला. हिरवी रेघ नीट चालत होती. बायको चहा आणायला गेल्यावर धसकोबा पलंगाशी उभा राहिला.

“बसा,” त्या म्हणाल्या. “उभं राहून माफी मागणाऱ्याचा मला कंटाळा येतो.”

तो बसला.

“विष आहे म्हणाला असतात, तर मी ठेवू दिलं असतं का?”

“नाही.”

“नसतंच दिलं. टब रस्त्यावर गेला असता, त्याच्या मागोमाग तुम्ही. तेवढ्यावर भागलं असतं.” त्या दम घ्यायला थांबल्या. “पण मला घाण आहे म्हणून सांगायचं, जावईबापू? मला?”

तो त्यांच्या मनगटावरची नावाची पट्टी वाचत राहिला.

“मी एकतीस वर्षं लोकांना ओरडत आले, की लेबलवर खरं लिहा, आतलं काय ते मला दिसत नसतं. आणि तुमचं लेबल वाचून मी पोरीला दारात बसवली.” त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. “बाळाने त्रेसष्टपर्यंत मोजलं होतं.”

“हो.”

“मी तिला म्हटलं होतं, शंभर झाल्याशिवाय उठू नकोस.”

मग त्या म्हणाल्या, “आता सांगा. पहिल्यापासून. काय आहे ते, कुठून येतं, कशाने मरतं.”

धसकोबाने सांगायला सुरुवात केली. चाळीस मिनिटं लागली. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही; फक्त शेवटी विचारलं, ब्लीच किती पाण्यात किती, आणि त्याने सांगितलेला आकडा त्यांनी ओठ हलवून पाठ केला. ओठांची डावी बाजू नीट हलत नव्हती.

पाचव्या दिवशी इस्पितळाने कागद दिला. त्यावर टंकलिखित होतं : अपघाताचे स्वरूप, घरगुती. रुग्णाची प्रकृती समाधानकारक. हृदय व श्वसन सर्वसाधारण. तक्रार शिल्लक नाही. रुग्णास पूर्ण बरे झाल्याने घरी सोडण्यात येत आहे.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. सासूबाई जिन्यात नऊ वेळा थांबल्या.